आठवा हिस्सा

वहिनींनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवायचं विसरून त्या नुसत्याच त्याच्याकडे बघत बसल्या. पेला त्यांचा होता. पांढराशुभ्र, बिनकानाचा, ओठाशी किंचित उमललेला, आणि अंगठा टेकतो तिथं एक उथळ खळगा. पण या कॅफेला त्यांनी आयुष्यात एक बशीही विकलेली नव्हती. चष्म्याला नवी काच बसेपर्यंत अर्धा तास काढायचा म्हणून त्या शेजारच्या दारात शिरल्या होत्या, इतकंच.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर दोन, कोपऱ्यात तीन. चष्मा नव्हता, तरी त्या उठून प्रत्येक टेबलाजवळून रेंगाळत गेल्या. लोकांना वाटलं, बाईंना बसायला जागा हवीय. सगळ्या पेल्यांचे खळगे अगदी एकसारखे होते. इथंच चोरी उघडी पडली, कारण ओल्या मातीत अंगठा दाबला की तो दोनदा सारखा कधीच उमटत नाही. एकाच पेल्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात पातळ माती ओतायची आणि शेकड्यानं पेले काढायचे, असा तो उद्योग होता.

"छान आहेत हो पेले," त्या गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाल्या. "कुठून आणलेत?"

"एक जण पुरवतो. हातानं बनवलेले आहेत," कॅफेवाला अभिमानानं म्हणाला. "बघा ना, अंगठ्याचा ठसासुद्धा आहे."

अंगठा कुणाचा होता ते वहिनींनी त्याला सांगितलं नाही. टवका उडालेला एक पेला मागून घेतला, रुमालात गुंडाळला आणि चष्मा तसाच दुकानात विसरून त्या आपल्या भांड्यांच्या कारखान्यात परतल्या.

वहिनी म्हणजे खरं तर एकाच नणंदेच्या वहिनी. पण तिचं ऐकून ऐकून सगळी गल्ली, माती पुरवणारा, इतकंच काय, प्रदर्शनात भेटणारे समीक्षकही त्यांना वहिनीच म्हणत. प्रदर्शनाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'पोर्सेलीन कलावंत' असं छापलेलं असे. त्या स्वतः मात्र "मी भांडी करते" म्हणत, आणि ते ऐकून समोरचा आणखीच भारावून जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पेला, वाडगा, दुधाची किटली, बशी. नक्षी नाही, रंग नाही. ज्यातून रोज पिता येत नाही ते कपाटात मेलेलं बरं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या न विचारता सांगत.

नणंद त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तिला घरात सगळे बारकी म्हणायचे. आता ती पंचेचाळिशीची आणि चांगली ऐसपैस झाली होती, पण नाव काही वाढलं नाही. वहिनी चाकावर पेले घडवायच्या, बारकी ते ग्लेझच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या लेपाच्या, बादलीत बुडवायची आणि भट्टी लावायची, असं अठरा वर्षं चाललं होतं. पाच वर्षांपूर्वी वहिनींचा नवरा, म्हणजे बारकीचा भाऊ, गेला. त्यानंतर आपलं म्हणावं असं वहिनींना हे एकच माणूस उरलं होतं. मूल नव्हतं, माहेरी आता कुणी दार उघडणारं नव्हतं.

कारखान्यात त्या वेळी कुणी नव्हतं. वहिनींनी कॅफेतला पेला टेबलावर ठेवला, शेजारी फळीवरचा आपला ठेवला आणि दोन्ही मोजले. उंची एकोणऐंशी मिलिमीटर. दोघांचीही. तोंडाची रुंदी सारखी, बूड सारखं. केसाचा फरक नाही.

त्यांच्या काळजात चर्र झालं ते पेला चोरला म्हणून नाही, मापं जुळली म्हणून. ही गोष्ट फक्त माती भाजणाऱ्यालाच कळेल. भट्टीत पोर्सेलीन आटतं. ओला पेला जेवढा असतो त्याचा आठवा हिस्सा आगीत जातो, उंचीतून आणि रुंदीतूनही. म्हणून दुकानातून विकत घेतलेल्या, भाजलेल्या पेल्यावरून कुणी साचा काढला तर त्यातून निघणारा ओला पेला मुळाएवढा असतो आणि भाजल्यावर तो मुळापेक्षा लहान निघतो. नकलेचं पितळ तिथंच उघडं पडतं. आणि ही नक्कल तर बरोब्बर वहिनींच्या पेल्याएवढी होती. याचा अर्थ एकच. साचा ओल्या, न भाजलेल्या पेल्यावरून घेतलाय. ओले पेले या चार भिंतींच्या बाहेर कधी जात नाहीत. आणि या चार भिंतींच्या किल्ल्या दोघींकडेच होत्या.

वहिनींनी पुन्हा मोजलं. मग खुर्चीवर बसल्या आणि थोड्या वेळानं तिसऱ्यांदा मोजलं. आकडा काही माया दाखवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्या बारकीकडे पाहू लागल्या. अठरा वर्षं समोर असलेल्या माणसाकडे आपण पाहत नसतोच. पाहू लागलो की सगळंच वेगळं दिसतं. बारकी आल्या आल्या तोंडावर धुळीचा मास्क चढवत होती. जिला इतकी वर्षं "मास्क लाव, छाती खराब होईल" म्हणून ओरडावं लागलं, ती आता दिवसभर मास्क काढेना. डबाही मागच्या पायरीवर बसून, पाठ करून खायची.

"हे काय नवीन?" वहिनींनी विचारलं.

"सर्दी झालीये गं," बारकी मास्कमधूनच पुटपुटली.

"तीन आठवडे?"

"जुनी सर्दी आहे." आणि ती ग्लेझ ढवळायला वळली.

खोटं बोलणाऱ्याला तोंड झाकावंसं वाटणारच, असं वहिनींच्या मनात आलं. दर गुरुवारी ती तीनलाच निघायची. कुठं, ते सांगायची नाही. "जरा काम आहे" एवढंच. फोन वाजला की बाहेर जायची. त्या बुधवारी वहिनी भांडी धुण्याच्या निमित्तानं मागच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, नळ बारीक सोडला आणि कान टवकारले. आपण हे करतोय याची त्यांना लाज वाटत होती, पण लाजेनं कान बंद होत नाहीत.

"माप नीट घेतलंत ना?" बारकी बाहेर फोनवर म्हणत होती. "साचा झाला का तयार? मग उद्या येते. नाही, घरी कुणाला ठाऊक नाही. वहिनीला तर अजिबात नको."

नळ वाहत राहिला. आता शंकेला जागाच उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर वहिनींना त्यात एक ओंगळ समाधानही वाटलं. आपलं गणित बरोबर आलं की माणसाला बरं वाटतंच, उत्तर कितीही वाईट असो. मग त्या रात्रभर नवऱ्याच्या फोटोशी भांडल्या. तुझी बहीण म्हणे. तुझं रक्त म्हणे.

गुरुवारी बारकी निघताना वहिनींनी तिला थांबवायचं ठरवलं होतं. पण ती त्या दिवशी एकला कुठंतरी जाऊन अडीचला परत आली. येताना खांद्यावर कापडी पिशवी होती, ती तिनं खुंटीला अडकवली आणि भट्टी बघायला आतल्या खोलीत गेली. पिशवीच्या तळाशी पांढरी धूळ लागली होती. वहिनींनी बोटावर घेऊन चोळली. पोर्सेलीनची माती लोण्यासारखी पसरते. ही खरखरीत होती. प्लास्टर.

त्यांनी पिशवीत हात घातला. कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड, गार, ओबडधोबड हाताला लागलं.

"काय शोधतेस?"

बारकी दारात उभी होती. वहिनींनी हात बाहेर काढला नाही. चोरी पकडायला निघालेल्या बाईलाच चोरासारखं पकडलं गेल्यावर सुचतंय कुणाला?

"तूच सांग," त्या म्हणाल्या. "काय आहे यात?"

"माझी पिशवी उघडलीस तू?"

"साचा आहे ना? काल फोनवर ऐकलंय मी. वहिनीला सांगू नका म्हणे! कुणाला विकतेस? किती दिवस चाललंय हे?"

बारकी पुढं आली. तिनं पिशवी खुंटीवरून काढली, आतलं गाठोडं काढलं, कापड सोडलं आणि आतली वस्तू पेल्यांच्या टेबलावर ठेवली. तो प्लास्टरचा एक जबडा होता. वरचा. पुढचे चार दात नसलेला. मग तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला, आणि तिच्याही तोंडात तेच चार दात नव्हते.

"हिरड्या सडल्या होत्या," ती म्हणाली. दातांअभावी शब्द फुसफुसत होते. "डॉक्टरांनी दिलंय, जाताना कवळीवाल्याकडे टाकायला. तू हसशील म्हणून नव्हतं सांगितलं. बसवल्यावर सांगणार होते."

इथं दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती, नाहीतर हसत सुटली असती आणि प्रकरण मिटलं असतं. वहिनींच्या चेहऱ्यावर रक्त चढलं, पण त्या मोजून माणसं ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी कपाटातून कॅफेतला पेला काढला आणि जबड्याशेजारी ठेवला.

"मग हा? एकोणऐंशी मिलिमीटर आहे. आपल्याएवढाच. ओल्या पेल्यावरून साचा घेतल्याशिवाय हे होत नाही, हे तुला मी सांगायला नको. इथून ओला पेला कुणी नेला? मी नाही नेला."

बारकीनं पेला उचलला. बुडाशी तीन बोटं लावून, ग्लेझमध्ये बुडवताना धरायची तसा धरला. एकदा फिरवला. खळग्यावरून अंगठा नेला. मग तिनं वहिनींकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बोल ना," वहिनी म्हणाल्या. "का गप्प झालीस?"

"तुला खरंच वाटतं, मी?"

"मला काय वाटतं याचा प्रश्नच नाही. माप सांगतंय."

बारकीनं पेला सावकाश खाली ठेवला. जबडा कापडात बांधला. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघाली. ती गप्प बसली, बचावाचा एक शब्द बोलली नाही, यावरून तर वहिनींची खात्रीच पटली.

पुढचे अकरा दिवस वहिनींनी दोघींचं काम एकटीनं केलं. वाईट केलं. ग्लेझ कुठं जाड, कुठं पातळ, बुडाशी ओघळ, एका भट्टीतले नऊ पेले फळीलाच चिकटले. चाकावर बसलं की ग्लेझ सुकायचं आणि ग्लेझकडे गेलं की चाकावरची माती. दुपारी डबा उघडून त्या मागच्या पायरीकडे पाठ करून बसत. आपलं चुकलेलं नाही, हे त्या मनाला रोज सांगत. रोज सांगावं लागत होतं. बारकीला फोन केला नाही. तिचाही आला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी एक निवृत्त नर्सबाई आल्या. ताठ, करड्या आवाजाच्या, जुन्या गिऱ्हाईक.

"सहा पेले नेले होते तुमच्याकडून सात वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "एक भाचीनं फोडला. तसाच हवाय. चुकू नये म्हणून एक सोबत आणलाय." त्यांनी पिशवीतून पेला काढून फळीवरच्या पेल्यांशेजारी ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे नाही. हे धाकटे दिसतायत. मोठे कुठं आहेत?"

"आम्ही एकच माप करतो," वहिनी म्हणाल्या.

"बाई, मी चाळीस वर्षं औषधं मोजलीत. माझ्या पेल्यात पाव लिटर दूध काठोकाठ मावतं. यात मावेल का, सांगा."

मावलं नसतं. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. एकाच घरातल्या दोन भावंडांसारखे ते दोन पेले शेजारी उभे होते, आणि एक दुसऱ्याच्या खांद्याला लागत होता. वहिनींनी जुना पेला मोजला. नव्वद मिलिमीटर. त्यांनी मनातच नव्वदातून आठवा हिस्सा वजा केला. एकोणऐंशीला जरासं कमी.

त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

चाकाशेजारी खिळ्याला मापाची काडी लटकत होती. उभी एक, आडवी एक, अधिक चिन्हासारखी बांधलेली. ओल्या पेल्यात उतरवून खोली आणि तोंड जोखायची. जुनी काडी जागा बदलताना हरवली होती. नवरा गेल्यावर मोठी जागा सोडून त्या इथं आल्या, तेव्हा वर्षभर त्यांनी मातीला हात लावला नव्हता. मग एक दिवस उठून कामाला लागल्या, वहीतली मापं बघून नवी काडी कापली. वहिनींनी आता ती वही काढली. पान सापडलं. 'पेला: उंची ९०, तोंड ८०.' त्यांचंच अक्षर. वर, बारीक, तेही त्यांचंच: 'पत्रिकेसाठी.' म्हणजे ही भाजून झालेल्या पेल्याची मापं होती. आणि त्यांनी ती ओल्या पेल्याची समजून काडी कापली होती. चार वर्षं त्यांचा प्रत्येक पेला आठव्या हिश्शानं लहान निघत होता. नाजूक झालेत हो, असं लोक म्हणायचे, आणि त्या मान तुकवून स्वीकारायच्या.

तेव्हा जुना पेला विकत घेऊन त्यावरून कुणीही, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसानं साचा काढला असता, तरी तो बरोब्बर आजच्या पेल्याएवढाच आटला असता. त्यासाठी या चार भिंतींत कुणी शिरायची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांना आठवली आणि ती सगळ्यात वाईट होती. नवी काडी केल्यानंतरची पहिली भट्टी उघडली तेव्हा बारकी म्हणाली होती, "वहिनी, हे पेले बुटके झालेत का गं?" आणि आपण म्हणालो होतो, "तुझी बोटं जाड झालीत."

"बरं वाटत नाहीये का?" नर्सबाईंनी विचारलं आणि सवयीनं त्यांचं मनगट धरलं.

"तुमचा पेला दोन तासांसाठी देता का मला?" वहिनी म्हणाल्या.

बारकी कपडे धुण्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होती. वहिनी जिने चढून धापा टाकत पोचल्या. दार बारकीनंच उघडलं. तिचे नवे दात बसले होते. चांगले दिसत होते, थोडे फारच सरळ. ती बाजूला झाली, पण 'ये' म्हणाली नाही.

वहिनींनी टेबलावर सगळं मांडलं. नर्सबाईंचा पेला, आजचा पेला, कॅफेतला पेला, वही, काडी. आणि उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. नव्वद, एकोणऐंशी, आठवा हिस्सा, पत्रिका, काडी. बोटानं पानावरचा शब्द दाखवला. बोलता बोलता त्यांना हलकंही वाटू लागलं. पुरावा इतका चोख होता की आता कुणालाच शंका राहू नये.

बारकी सगळं ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती आत गेली आणि ओट्यावरचा आपला पेला घेऊन आली. अर्धा चहा होता त्यात. तो तिनं इतरांशेजारी ठेवला. तोही नव्वदचाच होता.

"मी रोज यातूनच पिते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझा तो टवक्याचा हातात घेतला तेव्हाच कळलं मला, जुन्यावरून काढलाय ते. खळगासुद्धा दोनदा आटलेला होता."

"मग सांगितलं का नाहीस?" वहिनी जवळजवळ ओरडल्याच. "एका वाक्यात मिटलं असतं गं!"

"मिटलं असतं. तू मोजलं असतंस, आणि मग माझ्यावर विश्वास ठेवला असतास." बारकीचे नवे दात 'स' वर अजून अडखळत होते. "मला वाटलं, बघू. न मोजता ठेवते का. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. तू आलीस बाराव्या दिवशी. पेले घेऊन आलीस."

नर्सबाईंच्या भाचीच्या हातून पेला फुटला नसता तर? हा प्रश्न बारकीनं विचारला नाही, पण तो खोलीत होताच, आणि त्याचं खरं उत्तर वहिनींना माहीत होतं. त्या आल्या नसत्या.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "काडी चुकली म्हणून नाही म्हणत. मी चुकले. माझं दुसरं आहे कोण? चल परत. भट्टी तुझ्याशिवाय ऐकत नाही. मलाही करमत नाही."

खाली दुकानातल्या यंत्राची घरघर जमिनीतून पायांना लागत होती. मग बारकीनं वहिनींनी आणलेले तिन्ही पेले एकेक करून रुमालात गुंडाळले, टोकं नीट दुमडली आणि वहिनींच्या पिशवीत ठेवले. वही आणि काडी वर ठेवली. पिशवी त्यांच्या हातात दिली.

"उद्यापासून येते," ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "किती वाजता येऊ, ते सांगा तुम्ही."

वहिनींनी मागं वळून पाहिलं. दारात दुसरं कुणी आलंय, असं त्यांना वाटलं होतं. दारात कुणी नव्हतं.

"नऊला," त्या म्हणाल्या.